चालून आलीस की नुसती बघून?

बिलोलीकर मॅडम डोळे मिटून बसलेल्या दिसल्या की ऑफिसात नवीन आलेला माणूस हमखास आवाज खाली करायचा. बाई दमल्या आहेत, डुलकी लागलीय, असं वाटून. एकदा एका नव्या इंजिनियर बाईंनी त्यांच्या टेबलाशी वाकून अगदी हळू विचारलं, "सॉरी मॅडम, झोपला होतात का?" मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या, "नाही गं बाई, बेगम बाजारात आहे. गर्दी लई आहे आज. थांब जरा, बाहेर निघू दे."

त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी खुणेनं सांगितलं, बसा, येतील. आणि थोड्या वेळानं मॅडम खरोखरच आल्या. म्हणजे डोळे उघडले, पदर सारखा केला आणि उन्हातून घरात शिरलेलं माणूस म्हणतं तसं म्हणाल्या, "हं, बोल. पाणी दे आधी."

आमचं काम काय होतं ते सांगायला घेतलं की माझ्या सासरची मंडळी जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. आमची कंपनी नवजात बाळांच्या पेट्या बनवायची. 'बाळाला काचेत ठेवलंय' असं आपण म्हणतो, ती काच. पेटी आतून किती गरम ठेवायची हे एक छोटा संगणक ठरवतो. तो चुकला तर आतलं बाळ तक्रार करू शकत नाही. म्हणून अशा यंत्रांसाठी सुरक्षेची मानकं असतात. जाडजूड पुस्तकं. त्यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी मागत असतं: हे व्हायलाच हवं, ते होताच कामा नये. आम्ही त्या वाक्यांचं मॉडेल करायचो. प्रत्येक मागणीचा संगणकावर एक चौकोन, चौकोनातून निघणारा बाण, आणि बाणाच्या टोकाला पुरावा: चाचणीचा अहवाल, हिशेब, कारखान्यातली तपासणी. बाण पुराव्याला पोचला की चौकोन हिरवा. नाहीतर लाल. सगळे हिरवे झाले की मॅडम तपासायच्या, सही करायच्या, आणि मग पेट्या दवाखान्यांत जायच्या. प्रकल्पाचे प्रमुख श्रीनिवास होते, पण मॅडम त्यांच्या हाताखाली नव्हत्या. तपासणारा माणूस बनवणाऱ्याच्या हाताखाली असू नये, हेसुद्धा त्या मानकातच लिहिलेलं आहे.

मी पुण्याहून हैदराबादला गेलेली. आपल्याला सगळं येतं असा माझा तेव्हा ठाम समज होता आणि तो लपवायची मला सवय नव्हती. माझ्या वाटणीचे चौकोन हिरवे करून मी पहिल्यांदा मॅडमकडे गेले ती जवळजवळ शाबासकी घ्यायलाच. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीला मान टेकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हौ. मी कोठीला उतरले. आता कुठं जाऊ, सांग."

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. त्यांच्या डोक्यात ते अख्खं मानक एक शहर होतं, आणि शहर म्हणजे त्यांचं लहानपणचं जुनं हैदराबाद. पहिलं प्रकरण कोठी, कारण बसनं कुठंही जायचं तर आधी तिथं उतरावं लागतं. यंत्राचे सुटे भाग म्हणजे अफझलगंज, सगळा माल तिथं येऊन पडतो. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे बेगम बाजार, गल्लीत गल्ली. आणि उष्णता, तापमान, धोक्याची घंटा या सगळ्यांची मिळून मिरचीवाल्यांची गल्ली. त्यांचे वडील बेगम बाजारात एका किराण्याच्या घाऊक पेढीवर कारकून होते. त्यांचा डबा घेऊन ही मुलगी रोज अफझलगंजातल्या घरून तिथं जायची. ते रस्ते पायांत मुरलेले, आणि पुढं आयुष्यात जे जे किचकट समोर आलं ते त्यांनी त्याच रस्त्यांवर नेऊन वसवलं.

मी आपलं सांगत गेले, या चौकोनातून या अहवालाकडे, तिथून त्या तक्त्याकडे. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "ठैर. इथं तू चालून आलीस की नुसती बघून?"

मी तो अहवाल उघडून वाचलेला नव्हता. नाव बरोबर होतं, बाण लावला होता.

"बाण दिसला म्हणजे रस्ता झाला का गं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. कौतुकानंही नाही. उशीर झालेल्या भाजीवाल्याला विचारावं तितक्या साधेपणानं. मी मात्र दिवसभर धुमसत होते.

त्याच रविवारी त्यांनी मला बेगम बाजारात नेलं. जिरं, ओवा, चारोळी अशी खरेदी होतीच, पण मला काहीतरी दाखवायचं होतं हे त्यांच्या चालीवरून कळत होतं. एका कोपऱ्यावर वर मान करून म्हणाल्या, "वाच." जुनी, रंग उडालेली पाटी होती. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि गल्लीकडे वळलेला बाण. "जा, एक तांब्या घेऊन ये." मी गेले. बाणाच्या टोकाला प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं. भांडीवाला कधीच दुसरीकडे गेला होता, पाटी तशीच राहिली होती. परत आले तर मॅडम हसत उभ्या. "पाटी आहे, दुकान नाही. तुझ्या मॉडेलात अशा किती पाट्या असतील?" मग मला भर रस्त्यात बर्फाचा गोळा घेऊन दिला, आणि तो वितळून कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांचं आपलं चालूच, या गल्लीत कुणाचं दुकान होतं, पावसाळ्यात कुठं पाणी साचायचं. माझा राग त्या दिवशी गेला. तो परत आला नाही.

मॅडम म्हणजे माणूस तसं हळू. जेवणसुद्धा हळू. डब्यात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, दाण्याची चटणी, आणि समोरच्याच्या पानात अर्धं वाढल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. सगळ्यांशी एकाच मिसळलेल्या भाषेत बोलायच्या. श्रीनिवासांशी तेलुगू सुरू करायच्या, मधेच दक्खनी उर्दूत जायच्या आणि शेवटी मराठीत रागवायच्या. श्रीनिवासांना तो राग बरोबर कळायचा. "परेशान नको होऊ," हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय होता. घाई कुणी केली की म्हणायच्या, "मानक घाईत लिहिलेलं नाही, मग वाचायची घाई कामून?"

एकदा आम्ही अशा पेट्या वापरतात तो एक वॉर्ड बघायला गेलो होतो. दुपारची वेळ. पडदे ओढलेले, सगळीकडे मऊ पिवळसर उजेड, आणि यंत्रांचा अगदी बारीक आवाज. काचेत मुठी मिटून झोपलेली बाळं. तिथं शिरल्यावर आम्ही सगळेच सावकाश चालायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मॅडमनी एका काचेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवून राहिल्या. सिस्टर जवळ आल्या तर त्यांना विचारलं, "यांना स्वप्नं पडत असतील का हो?" सिस्टर म्हणाल्या, "हसतात कधीकधी झोपेत." मॅडमनी मान हलवली. परतताना गाडीत माझ्याशी बोलल्या त्या एवढंच, "आपल्या प्रत्येक चौकोनात एक जण निजलेला असतो बघ. दार उघडं ठेवून चालत नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

यानंतर केव्हातरी त्या विसरायला लागल्या. मला कधी शैलजा म्हणायच्या, कधी वैशाली. यातलं एकही माझं नाव नव्हतं; शैलजा त्यांची मावसबहीण होती. चहात साखर घालून पुन्हा घालायच्या. मेट्रोच्या भलत्याच स्टेशनवर उतरून तिथून फोन करायच्या आणि स्वतःच हसायच्या. आम्हीही हसायचो. त्या आधीपासून जराशा हरवलेल्याच असायच्या, त्यामुळे नवीन हरवणं वेगळं ओळखता आलं नाही.

नव्या पेटीचं काम पुरं होत आलं होतं. सगळे चौकोन हिरवे होते. पेट्या बांधून तयार होत्या आणि जिल्ह्याच्या दवाखान्यांतून विचारणा सुरू होती, कारण तिथल्या जुन्या पेट्या मोडकळीला आलेल्या. राहिली होती फक्त मॅडमची सही. बैठक बसली. मॅडमनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिरचीवाल्यांच्या गल्लीत गेले," त्या म्हणाल्या, "चालायलेय, चालायलेय, आणि परत त्याच दुकानापाशी यायलेय."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. "परत तिथंच," त्या म्हणाल्या, आणि या वेळी आवाज बारीक झाला होता.

श्रीनिवास वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हलकेच म्हणाले, "मॅडम, आप थोडा आराम करो ना. कुछ दिन घर पे रहो. चेकिंग किसी और से करा लेते." टेबलाभोवतीचे सगळे खाली बघत होते. मॉडेलमध्ये एकही लाल चौकोन नव्हता. बाई मात्र म्हणत होत्या की मी फिरून फिरून एकाच जागी येते. यावर कोण काय समजणार?

मॅडम उठून कँटीनमध्ये जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी माझा हात धरला, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. "खरं सांग. मी चुकायलेय का तो रस्ताच चुकायलाय?" मग म्हणाल्या, "मी चुकत असंल तर आजच घरी जाते, पुन्हा यायची नाही. पण रस्ता चुकत असंल आणि मी घरी गेले, तर त्या लेकरांचं काय?"

खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की त्याच चुकताहेत. पण "परेशान नको होऊ" हे त्यांचंच वाक्य त्यांना सांगून गप्प बसवणं मला जमेना. मी लॅपटॉप आणला, सगळे मूळ अहवाल उघडले आणि म्हटलं, "चला मॅडम. कोठीला उतरा. मी बाणांवरून नाही सांगत, कागद वाचून सांगते."

त्यांनी डोळे मिटले. आम्ही निघालो. मिरचीवाल्यांची गल्ली आली. तिथला चौकोन असा होता: पेटी प्रमाणाबाहेर तापली तर घंटा वाजलीच पाहिजे. पेटीत उष्णता मोजणारे दोन सेन्सर होते. पहिला पेटी तापवायचं काम चालवायचा, दुसरा पहिल्यावर नजर ठेवायचा. "पहिला चुकला तर?" मॅडमनी विचारलं. मी वाचलं: दुसरा पकडेल. "दुसरा बरोबर आहे कशावरून?" मी पुढचा कागद उघडला. कारखान्यात तपासलेला आहे, अहवाल जोडला आहे. चौकोन हिरवा. इथवर सगळे आले होते आणि इथंच सगळे थांबले होते.

"कारखान्यात कसा तपासला?"

तो अहवाल मोठा होता. मी पानं उलटत गेले. शेवटाकडे एक साधं वाक्य होतं. दुसऱ्या सेन्सरचं वाचन पहिल्या सेन्सरच्या वाचनाशी ताडून पाहिलं, जुळलं.

मी ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. पहिला बरोबर, कारण दुसरा बघतोय. दुसरा बरोबर, कारण पहिल्याशी जुळतोय. बाहेरचा, तिसरा, कुणीच नाही. दोघं मिळून चुकले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. आमचं मॉडेल कागदाच्या नावापर्यंत पोचत होतं. कागदाच्या पोटात ते कधी शिरलंच नव्हतं, आणि ते बनवणारे आम्हीही नाही.

मॅडमनी डोळे उघडले. "गोल आहे," त्या म्हणाल्या. "गल्लीच गोल आहे." आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्या रडल्या, आणि रडता रडता हसल्या. त्यांच्या अंगावरचं केवढं ओझं उतरलं होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

श्रीनिवासांनी तो कागद उभ्या उभ्याच वाचला आणि पेट्या थांबवल्या. बाहेरून वेगळा तापमापक आणून दोन्ही सेन्सर तपासले. दोन्ही एकाच बाजूला झुकलेले निघाले. थोडेसेच. पण दीड किलोच्या जिवाला थोडंसं म्हणजे किती, हे त्या वॉर्डातल्या सिस्टर सांगू शकल्या असत्या. सेन्सर बदलले, तपासणीची रीत बदलली, मॉडेल पुन्हा केलं, आणि या वेळी एकूण एक कागद आम्ही आत शिरून वाचला. पुन्हा बैठक बसली. श्रीनिवासांनी मॅडमसाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, उस दिन गलती मेरी थी." आता सही करायची, पेढे खायचे, एवढंच बाकी होतं.

मॅडमनी गजरा हातात घेतला, हुंगला, आणि मला म्हणाल्या, "पडद्यावर अफझलगंजाच्या मागची गल्ली काढ. शेवटचं घर."

तो चौकोन मॉडेलच्या एका टोकाला होता, तिकडे कुणी फिरकत नसे. मानकाची मागणी अशी होती: तपासणारी व्यक्ती त्या कामाला सक्षम असली पाहिजे आणि तसा पुरावा असला पाहिजे. चौकोन हिरवा होता. बाणाच्या टोकाला मॅडमच्या पदव्या होत्या आणि इतक्या वर्षांचा अनुभव होता.

"लाल कर," त्या म्हणाल्या.

मी की-बोर्डवरचे हात मागे घेतले. श्रीनिवास म्हणाले, "मॅडम, आपच तो सही निकले!"

"हौ, निघाले," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गल्ली गोल होती. पण काल मी माझ्या घराच्या गल्लीत गोल फिरायलते, श्रीनिवास. पानवाल्यानं घरी आणून सोडलं. कोठीच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले, त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. पुढच्या वेळेस गल्ली गोल असंल का मी, कोण सांगंल? ही पदवी म्हणजे पाटी आहे बाबा. दुकान हललं."

मग त्यांनीच माझ्या खांद्यावरून हात पुढं केला, एक कळ दाबली, आणि त्या सगळ्या हिरव्यात एक चौकोन लाल झाला. मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. जिंकलेल्या दिवशी माणसानं थोडं तरी मिरवावं. या बाईंनी गजरा केसात माळला, पर्स उचलली आणि सगळ्यांना पेढे वाटायला सांगून खाली उतरून गेल्या. सही करायला पुढं दुसऱ्या शहरातून एक गृहस्थ आले. त्यांनी सगळं नीट तपासलं, आणि पेट्या गेल्या.

पेट्या गेल्याची बातमी सांगायला मी त्यांच्या घरी गेले. अफझलगंजात, ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला दुसरा मजला, भाऊ आणि वहिनी सोबत. मला त्यांनी शैलजा म्हणूनच आत घेतलं. बातमी ऐकून "कुठल्या पेट्या?" असं विचारलं. मी काचेच्या म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. "हां. हसतात त्यात झोपेत," त्या म्हणाल्या. वहिनी दाराआड पदर डोळ्याला लावत होत्या.

संध्याकाळी त्यांना पाय मोकळे करायचे होते, म्हणून मी बरोबर निघाले. आम्ही कोठीच्या बाजूनं थोडं फिरलो, जुन्या पुस्तकांच्या ढिगांपाशी थांबलो. ऊन उतरलं होतं. परतताना अफझलगंजच्या एका कोपऱ्यावर त्या उभ्या राहिल्या. तीन वाटा फुटत होत्या. घर अगदी जवळ होतं, मला कळत होतं कुठली वाट ते, मी बोट उचललंही होतं. पण त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या केळीवाल्याकडे गेल्या आणि जराही न संकोचता त्याला आपल्याच गल्लीचा रस्ता विचारला.

त्यानं डावीकडे हात केला. "इधर से अम्मा. सीधा."

मॅडम हलल्या नाहीत. त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "खुद चल को देखे क्या, भई?"

तो क्षणभर गोंधळला. मग हसला. "हौ अम्मा. मेरा घर उधरिच है. रोजइच जातूं मैं."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं होतं. पर्स काखेत धरली आणि गर्दीतून, गाड्यांमधून, उतरत्या उन्हात त्या सावकाश डावीकडे निघाल्या. मागं वळून पाहिलं नाही. मी बरोबर आहे हे त्या विसरल्या असाव्यात. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. कोपऱ्यावर उभं राहूनही त्या शेवटपर्यंत दिसल्या असत्या. मी उभी राहिले नाही. थोडं अंतर ठेवून, त्यांच्या दारापर्यंत, मागोमाग चालत गेले.